आलवण, लुगडं आणि पक्का रंग : माळव्यातल्या कापडाचा हिशेब

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी विषय निघाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पूर्वीचं कापड टिकायचं हो. आता तीन धुण्यांत पोतेरं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि घरी येऊन ट्रंक उघडली. आमच्या घरात एक कापड खरोखरच टिकलेलं आहे. त्याच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. हा लेख म्हणजे त्या मान डोलावण्याचा खुलासा समजा.

आमचं मूळ घर गौतमपुऱ्याचं. इंदूर जिल्ह्यात, देपालपूर तहसिलीत, चंबळेच्या बाजूला. मंडळाच्या वाचकांना गाव नवीन नाही, तरी नव्या लोकांसाठी सांगते. गावाचं नाव गौतमाबाई होळकरांवरून. या मल्हाररावांच्या पत्नी, अहिल्याबाईंच्या सासूबाई, माहेरच्या तळोद्याच्या बारगळ. १७३४ साली पेशव्यांनी होळकरांना जी खासगी जहागीर दिली ती या गौतमाबाईंच्या नावानं. सरकारी दौलत वेगळी आणि बाईंची खासगी वेगळी, अशी ती सोय. बाईच्या हातात स्वतःचा पैसा असला की काय होतं, हे पुढं अहिल्याबाईंनी भारतभर घाट आणि देवळं बांधून दाखवलं. पण आपला विषय कापडाचा आहे, तिकडे वळते.

ट्रंकेतलं कापड म्हणजे आलवण. नव्या पिढीला शब्दच माहीत नसेल. सोवळ्या, केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेनं नेसायचं ते तांबडं लुगडं. काठ नाही, पदर नाही, नक्षी नाही. आमच्याकडचं आलवण माझ्या आजोबांच्या बहिणीचं. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. पहिल्या महायुद्धाच्या आसपास, वयात यायच्या आत ती विधवा झाली, आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं तिनं हाच रंग नेसला. मी लहान असताना ती ओसरीवर बसून तांदूळ निवडायची. मला ती तांबडीच आठवते. पांढऱ्या भिंतीसमोर एक तांबडा ढीग.

तर या शब्दातच 'आल' आहे. आल म्हणजे एक झाड. त्याच्या मुळीतून लाल रंग निघतो, आणि माळव्याची काळी जमीन या आलीसाठी प्रसिद्ध होती. अफू आणि कापूस सगळ्यांना आठवतात, आलीचं नाव कोणी घेत नाही. शिंद्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाबरोबर विल्यम हंटर नावाचा डॉक्टर १७९०च्या दशकात उज्जैनीला आला होता. त्यानं या झाडावर आणि त्याच्या रंगावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला, तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. परदेशी माणसाला जे नवलाचं वाटलं ते आपल्याला रोजचं होतं म्हणून आपण लिहून ठेवलं नाही. हे आपलं नेहमीचंच.

आलीचं पीक धीराचं. पावसाळ्याच्या तोंडी पेरायची आणि तीन-चार वर्षं वाट बघायची. मग खोल खणून मुळं काढायची. जाड मुळी कामाची नाही, रंग असतो तो बारीक मुळ्यांत आणि सालीत. म्हणजे खणताना बारीक मुळ्या तुटून जमिनीतच राहिल्या तर तीन वर्षांची मेहनत गेली. मजुरी भरपूर लागायची. पुढं रंगवायचं काम छिप्यांचं किंवा रंगाऱ्यांचं, आणि तेही एका दिवसाचं नव्हे. कोरं कापड आधी तेल आणि खाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून, मळून, वाळवायचं. मग हिरडा. मग तुरटी. मग तांब्याच्या भांड्यात आलीच्या भुकटीबरोबर उकळायचं. मधेमधे नदीवर धुणं. तुरटीशिवाय रंग धरत नाही. रंग धाग्यावर नुसता बसत नाही, तुरटीच्या मध्यस्थीनं धाग्याला चिकटतो. म्हणून तो पक्का. "पक्का रंग" हे दोन शब्द आपण आता कशालाही लावतो, पण त्याच्यामागे हा सगळा खटाटोप होता, आणि गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते याच खटाटोपाचे.

या रंगातल्या जाड सुती कापडाला खारवा म्हणत. गाद्यांच्या खोळी, रजयांचे अस्तर, पोथ्यांचे बस्ते, दुकानदारांच्या वह्यांची बांधणी, सगळीकडे खारवा. याला वाळवी लागत नाही असा समज होता. आमच्या घरच्या पोथ्या खारव्यातच बांधलेल्या होत्या. पोथ्यांना कसर लागली, बस्ता शाबूत राहिला! जावद आणि तारापूरकडे (आता नीमच जिल्हा) आल आणि निळीच्या छापाचे नांदणा घागरे भिल्ल बायका नेसत. रोज रानात, उन्हात, शेणामातीत काम करणाऱ्या बाईला मळ न दिसणारं आणि रंग न सोडणारं कापड लागतं. हौस त्यात होतीच, पण हिशेब आधी होता.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण "पूर्वीचं ते चांगलं" म्हणणाऱ्यांना ती आवडत नाही. काळा रंग कापड खातो. गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून जो काळा करत तो हिरड्याबरोबर अगदी गडद उतरतो, पण काही वर्षांनी त्या ठिकाणचं सूतच विरतं. जुन्या छापाच्या गोधड्या घरी असतील तर बघा. लाल फूल जागेवर असतं, आणि काळी रेघ होती तिथं बारीक फट. म्हणजे जुनं सगळंच टिकाऊ नव्हतं. जे टिकलं ते आपल्यापर्यंत पोचलं, बाकीच्याची कधीच वात झाली.

वात मी शब्दशः म्हणते आहे. लुगड्याचा प्रवास आमच्या आईच्या पिढीपर्यंत ठरलेला होता. नऊवारी आधी विरतं ते बसण्याच्या जागी आणि टाचेशी घासणाऱ्या काठाला. मधे विरलं की फाडून दोन भाग करायचे, विरलेलं काढून टाकायचं, आणि चांगल्या कडा एकमेकींना जोडून शिवायच्या. याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं नेसून कोणी लग्नाला जात नसे, पण घरात वर्षभर सहज निघे. मग पुन्हा विरलं की लहान मुलांची झबली आणि दुपटी. मग गोधडी. गोधडीतून निघालेलं पटकूर भांडी उतरवायला, पोतेरं जमिनीला, आणि शेवटी चिंधीची वात. बाजारातून एकदा आणलेलं कापड घराबाहेर पडतच नसे. तेव्हा "किती वर्षं टिकलं" या प्रश्नाचं उत्तर कापडात जेवढं होतं तेवढंच सुईदोऱ्यातही होतं, आणि ती सुई कोणाच्या हातात होती हेही लक्षात घ्या. दुपारची झोप सोडून दंड घालणाऱ्या बाईची मजुरी कोणत्याच वहीत लिहिलेली नाही.

महेश्वरीचंही थोडं सांगते. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली आणि बाहेरून विणकर बोलावून वसवले, ही परंपरा सगळ्यांना माहीत आहे. जुनी महेश्वरी सुती असे. आता आपण जी विकत घेतो ती ताण्यात रेशीम आणि बाण्यात सूत अशी असते, दिसायला सुंदर, अंगाला हलकी. १९७९पासून रेहवा सोसायटीनं हे विणकाम पुन्हा उभं केलं, ते मोठं काम आहे. पण वापरणारीच्या नजरेतून महेश्वरीची खरी अक्कल तिच्या बुगडी काठात आहे. हा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. आज ही बाजू, उद्या ती बाजू. मळ आणि ऊन दोन्हीकडे वाटलं जातं, आणि साडीचं आयुष्य वाढतं. आमची आई म्हणायची, "दोन साड्यांचे पैसे वाचले गं." ती साडी दोन्ही बाजूंनी तपासूनच घ्यायची. विणकाराची चूक उलट्या बाजूला सापडते, असं तिचं मत होतं. महेश्वरीला उलटी बाजूच नाही म्हणून तिला ती आवडत असावी.

पुन्हा लाल रंगाकडे येते. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी प्रयोगशाळेत अलिझरिन बनवलं. युरोपातली मंजिष्ठेसारखी जी मुळी होती तिच्यातलं हे रंगद्रव्य. वर्ष-दोन वर्षांत त्याचे कारखाने सुरू झाले. पुढच्या तीस वर्षांत जर्मन लाल आपल्या बाजारात डब्यांतून आला आणि तीन वर्षं वाट बघून, खणून काढायच्या आलीचं काय होणार ते झालं. शेतकऱ्यानं आल सोडून दुसरं पेरलं. आज माळव्यात आलीचं शेत दाखवा म्हटलं तर कोणी दाखवू शकणार नाही.

याबद्दल गळा काढायची आपल्याकडे पद्धत आहे. मी काढणार नाही. अलिझरिनही तुरटीनंच बसतं आणि तेही पक्कं असतं. छिप्यानं ते स्वीकारलं यात त्याची फसवणूक नव्हती. तोच टिकाऊपणा, कमी खर्चात आणि कमी दिवसांत. फसवणूक झाली ती दुसऱ्या रंगांनी. १८८४ साली काँगो रेड नावाचा रंग निघाला. याला तुरटी नको, तेल नको, काही नको. पाण्यात मीठ-सोडा टाकून कापड उकळलं की झालं लाल. दिसायला आलीपेक्षाही झगझगीत, किंमत किरकोळ. आणि पहिल्या धुण्याला बादली लाल. शिवाय आंबटाचा थेंब पडला की डाग निळसर-जांभळा. "कच्चा रंग" ही शिवी खरी रूढ झाली ती या रंगांमुळे, असं माझं मत आहे. गिऱ्हाइकाची अडचण अशी की दुकानात तिन्ही लाल सारखेच दिसतात. आल, अलिझरिन आणि काँगो. फरक कळतो तो घरी आल्यावर, पैसे देऊन झाल्यावर.

कापडाचंही तेच. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी सुताची तूट खळीनं भरून काढली. खळीत चिनीमातीची भुकटी घालून कापड वजनदार करायचं. हाताला भरीव लागतं, ठाणाचं वजन भरतं, आणि धुतलं की जाळी उरते. वर ओलसर हवेत बुरशी. युद्ध संपलं तरी ही सवय गेली नाही. म्हणून आपल्याकडच्या बायका ठाणाचं टोक दोन अंगठ्यांमध्ये चोळून बघायला शिकल्या. पांढरी भुकटी पडली की ठाण परत. मी लहानपणी इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात आईला हे करताना पाहिलं आहे, आणि दुकानदाराचा चेहराही पाहिला आहे. मग ती पदराचं टोक ओलं करून रुमालावर घासायची. मग उजेडाकडे धरून वीण बघायची. शेवटी एक सूत ओढून घ्यायची आणि बोटांत तोडायची. तुटताना आवाज कसा येतो त्यावरून तिला काय कळायचं देव जाणे, पण ती चुकत नसे.

इंदूरची स्वतःची गिरणी दुसऱ्या तुकोजीरावांनी १८६६ साली काढायला घेतली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. यंत्रं हत्तींनी ओढून आणली अशी आठवण जुने लोक सांगत. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि इंदूर कापडाचं गाव झालं. खेड्यापाड्यांतून माणसं आली, गौतमपुऱ्यातूनही गेली. गिरणीचा मांजरपाट स्वस्त आणि बऱ्यापैकी टिकाऊ होता. हातमागाच्या जाड्याभरड्यापेक्षा धुवायला हलका, हा बायकांच्या दृष्टीनं मोठा गुण. विहिरीवर नऊवारी पिळायचं म्हणजे काय, हे ज्यांनी पिळलं त्यांनाच विचारा.

दुसऱ्या महायुद्धात कापड दिसेनासं झालं. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, ठाणावर किमतीचा शिक्का मारणं सक्तीचं झालं, आणि गरिबांसाठी 'स्टँडर्ड' कापड निघालं. पुढं १९६०च्या दशकात पुन्हा 'कंट्रोलचं' धोतर आणि लुगडं आलं, गिरण्यांवर त्याचं बंधन घातलं गेलं. कंट्रोलचं लुगडं म्हणजे विरळ, लांबीला आखूड, धुतल्यावर आणखी आखूड. स्वस्त होतं यात शंका नाही. पण वर्षाला एकाऐवजी दोन लागली तर स्वस्त कसं? आमच्या घरी काम करायला येणारी बाई हा हिशेब तोंडी करून दाखवायची, आणि तरी कंट्रोलचंच घ्यायची. एकदम जास्त पैसे हातात असतील तरच महागातलं स्वस्त पडतं. टिकाऊ कापड निवडण्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात ही बाई कुठंच नसते.

गिरण्यांचं पुढं काय झालं ते सगळ्यांच्या समोर घडलं. टेरिलीन आलं, यंत्रमाग आले, काही गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि मग बंद पडल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या हक्काच्या पैशाचा चेक निघायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. तोवर कित्येक कामगार गेलेले होते.

आता ट्रंकेतल्या आलवणाबद्दल. गेल्या महिन्यात मी त्याच्या एका कोपऱ्यावर लिंबू पिळलं. रंग हलला नाही. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासलं, रुमाल पांढराच राहिला. शंभर वर्षांच्या आसपासचं कापड, पन्नास वर्षं अंगावर आणि पन्नास ट्रंकेत, आणि वीण अजून घट्ट. टिकाऊपणाच्या कुठल्याही परीक्षेत ते पहिलं येईल. आमच्या आजोबांनी ते निवडून घेतलं होतं, चांगले पैसे मोजून, बहिणीसाठी म्हणून. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, हे घरातले सगळे सांगतात. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढलेला होता, इंदूरच्या शिकलेल्या घरांत त्याची चर्चा होती, आजोबा वर्तमानपत्र वाचणारे होते. त्यांनी बहिणीला पुण्याला पाठवलं नाही. न उतरणाऱ्या रंगाचं कापड आणून दिलं.

आत्याआजीला त्या टिकाऊपणाबद्दल काय वाटायचं ते मला एकदाच कळलं. आईनं तिला सहज म्हटलं, "आत्याबाई, तुमचं आलवण बाई फाटतच नाही." त्यावर ती म्हणाली, "फाटलं असतं तर नवं आणलं असतं. तेही तांबडंच." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. जाण्याआधी तिनं आईला सांगितलं होतं की माझ्यामागं ही लुगडी कुणाला देऊ नको, पोतेरं कर. लुगडी दोन होती. आईच्यानं पोतेरं झालं नाही. ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या लुगड्याची गोष्ट वेगळी आहे. आमच्या गावात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंगोट युद्ध होतं, ते तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं असेल. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचा कलगी. तुरा-कलगी म्हटलं की मराठी माणसाला शाहीर आठवतात, इथं त्याच नावांनी आग फेकतात. हिंगोटाचं फळ पोखरून त्यात दारू भरायची, तोंड मातीनं बुजवायचं, बांबूची काडी लावायची, आणि पेटवून समोरच्यावर सोडायचं. दरवर्षी माणसं भाजतात. २०१७मध्ये एकाचा जीवही गेला. मी या खेळाच्या बाजूनं नाही, पण गाव ऐकत नाही. तिथं अंगावर काय घालायचं हे मात्र म्हातारे नीट सांगतात: सुती, जाड आणि घट्ट. टेरिकॉट घातलं तर ठिणगी पडल्यावर कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती जळतं, पण झटकता येतं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा, तुर्ऱ्याच्या बाजूनं उतरणारा, आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "काकी, एखादं जुनं जाड लुगडं असेल तर द्या ना, साफा बांधायला." आईनं ट्रंक उघडली. विधवेचं आलवण युद्धाला जाणाऱ्या पोराच्या डोक्याला द्यायचं की नाही, याचा ती बराच वेळ विचार करत बसली. त्याला काय माहीत होतं त्या रंगाचं? त्याला ते भगव्यासारखं, झकास वाटलं. शेवटी तिनं मधोमध फाडून अर्धं दिलं. फाडताना दोघांना दोन बाजूंनी ओढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो साफा परत घेऊन आला, धुऊन, घडी करून. दोन ठिकाणी बोटभर भोकं पडली होती, कडा काळ्या. डोकं शाबूत होतं. आईनं त्या तुकड्याला आतून ठिगळ लावलं आणि तो त्यालाच देऊन टाकला. नंतरची तीन-चार वर्षं मैदानात तो तांबडा साफा लांबूनही ओळखू यायचा.

उरलेलं अर्धं ट्रंकेत आहे, पहिल्या आलवणाच्या खाली. पुढच्या बैठकीला दोन्ही घेऊन येते. ज्यांना सूत ओढून बघायचं असेल त्यांनी अर्ध्यातलंच ओढावं.